दगडी पूल : टायबरकाठचा आणि कोयनाकाठचा

संस्कृतातील ‘सेतु’ हा शब्द ज्या धातूपासून झाला आहे त्याचा अर्थ ‘बांधणे’ असा आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथांत सेतु म्हणजे पूल की बांध, हे पुष्कळ वेळा संदर्भावरूनच ठरवावे लागते. छांदोग्य उपनिषदात आत्म्यास सेतु म्हटले आहे, ते लोकांचा संकर होऊ नये म्हणून त्यांस धारण करणारा या अर्थाने; म्हणजे तेथेही पुलापेक्षा बांधाचीच कल्पना प्रधान आहे. लॅटिन भाषेत पुलास ‘पॉन्स’ म्हणतात. हा शब्द व आपला ‘पन्थाः’ हे दोन्ही एकाच कुळातले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा रोमन मनाला पूल म्हणजे मुळात वाट, आणि आपल्या मनाला पूल म्हणजे मुळात बंधारा, असे म्हटल्यास ते फारसे वावगे होणार नाही. रोमन लोकांच्या मुख्य धर्माधिकाऱ्याची पदवीच ‘पाँटिफेक्स’, म्हणजे शब्दशः ‘पूल करणारा’, अशी होती. ज्या समाजाने पुरोहितासाठी हे नाव योजिले, त्याने पूलही तितक्याच निष्ठेने बांधावेत यात नवल नाही.

त्या पुलांपैकी काहींची हकीकत वाचकांस सादर करण्याचा विचार आहे. परंतु ती केवळ परदेशची नवलाई म्हणून नव्हे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानद या नद्यांच्या खोऱ्यांत ज्यांची घरे आहेत, त्यांस पावसाळ्यातील नदी म्हणजे काय हे सांगावयास नको. भोरहून वरंध घाटाने खाली उतरले की महाड येते. आणि महाडच्या सावित्रीवर २०१६ साली जे घडले ते या भागातील कोणीही विसरलेला नसेल. त्या घटनेचा आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन पुलाचा संबंध काय, हे लेखाच्या ओघात ध्यानी येईल.

फाब्रिकियसचा पूल

रोम शहरातून टायबर नदी वाहते. शहराच्या मध्यावर तिच्या पात्रात एक लहानसे बेट आहे. हे बेट आणि डावा काठ यांस जोडणारा दगडी पूल इसवी सनापूर्वी ६२ या वर्षी लुकियस फाब्रिकियस नावाच्या अधिकाऱ्याने बांधविला. रस्त्यांची देखभाल हे त्याचे काम होते. सिसेरो हा प्रख्यात वक्ता त्या वेळी हयात होता आणि ज्यूलियस सीझर अजून सत्तेच्या शिखरावर चढावयाचा होता. हा पूल आजही उभा आहे आणि त्यावरून माणसे रोज ये-जा करितात.

पुलाची लांबी सुमारे ६२ मीटर व रुंदी साडेपाच मीटर आहे. कमानी दोनच, प्रत्येकीचा गाळा सुमारे साडेचोवीस मीटर, म्हणजे ऐंशी फुटांचा. दोन्ही कमानी मध्ये एका भक्कम खांबावर टेकल्या आहेत, आणि त्या खांबाच्या वरच्या अंगास आरपार एक लहान कमानदार मोकळी जागा ठेविली आहे. ती शोभेसाठी ठेविली असावी असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नदीस मोठा पूर येऊन पाणी तेथवर चढले, म्हणजे ते त्या झरोक्यातून निघून जाते व खांबावरचा भार तेवढा हलका होतो. पुराशी झुंज घेण्यापेक्षा त्यास वाट करून देणे श्रेयस्कर, हे त्या कारागिरास उमजले होते.

या पुलावरील कोरीव लेख मात्र बांधणीहूनही अधिक विचार करण्याजोगा आहे. फाब्रिकियसने हे काम करविले आणि त्यानेच ते तपासून मान्य केले, असे त्यात म्हटले आहे. त्याशिवाय आणखी एक ओळ आहे. इसवी सनापूर्वी २३ मध्ये टायबरला मोठा पूर आला. त्यानंतर दोन वर्षांनी, लेपिदस व लोलियस हे कॉन्सल अधिकारावर असताना, त्यांनी पूल पुन्हा तपासून मान्य केला, अशी नोंद त्यांच्या नावांनिशी दगडावर कोरून ठेविली आहे. बांधणाराचे नाव कोरण्याची चाल सर्वत्रच आढळते. तपासणाराचे नाव बांधणाराच्या शेजारी, जाणाऱ्या-येणाऱ्यास वाचता येईल अशा अक्षरांत कोरणे ही गोष्ट निराळी आहे. पूल पडला तर कोणास विचारावयाचे, हे तेथे दगडानेच सांगून ठेविले आहे.

त्याच नदीवर, या बेटाच्या थोडे खाली, एमिलियस नावाचा याहूनही जुना दगडी पूल होता. त्याचे खांब इसवी सनापूर्वी १७९ मध्ये आणि कमानी १४२ मध्ये झाल्या. हा पूल पुरांनी वेळोवेळी मोडला व वेळोवेळी दुरुस्त झाला. अखेर १५९८ सालच्या पुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला आणि मग तो कोणी पुन्हा बांधिला नाही. आज पात्राच्या मध्यभागी त्याची एकच कमान एकटी उभी आहे, आणि लोक तिला ‘मोडका पूल’ या अर्थाच्या नावानेच ओळखतात. नदी एक, कारागीर एकाच परंपरेतले, दगडही त्याच प्रदेशातला. तरी एक पूल राहिला व एक गेला. याचे मर्म कळावयास कमान आणि पाया या दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

कमानीचे मर्म

दगड दाब हवा तेवढा सोसतो, पण ताण त्यास सोसवत नाही. दोन खांबांवर लांब दगडी तुळई आडवी ठेविली, तर तिच्या खालच्या अंगास ताण बसतो आणि ठराविक लांबीपलीकडे ती मधोमध तडकते. आपल्या जुन्या देवळांतील खांब एकमेकांच्या इतके जवळ असतात त्याचे कारण हेच.

कमानीत आडवी तुळई नसतेच. पाचरीसारखे, वर रुंद व खाली निमुळते असे घडीव दगड अर्धवर्तुळात एकास एक खेटून बसविलेले असतात. वरचे वजन प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्यास देतो, शेजारी पुढच्यास, आणि असे करीत करीत ते दोन्ही टोकांच्या खांबांत उतरते. येथे कोठेही ताण नाही. सर्वत्र दाबच आहे. वजन वाढले की सांधे अधिकच आवळतात. मात्र ही मांडणी पुरी होईपर्यंत कमानीस स्वतःचे बळ नसते. म्हणून आधी लाकडी सांगाडा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचीत यावे लागते. शिरोभागीचा शेवटचा दगड ठोकून बसविला की सांगाडा काढून घेता येतो.

हे मुलांस दाखविणे अवघड नाही. दुधी भोपळ्याच्या किंवा बटाट्याच्या सात पाचरी सारख्या मापाने कापाव्या, एका वाटोळ्या डब्यावर त्या कमानीसारख्या मांडाव्या, दोन्ही टोकांस दोन विटा घट्ट टेकवाव्या आणि डबा अलगद काढून घ्यावा. कमान उभी राहील आणि वर हाताने बेताने दाबले तरी पडणार नाही. मग एक वीट बोटभर मागे सारावी. सगळी कमान एका क्षणात खाली येईल. पाचर एकही मोडलेली नसेल. केवळ टेकू सरकला. दगडी पुलांचे बहुतेक सारे शास्त्र या एका खेळात आले आहे.

पाण्यातला पाया

तो टेकू न सरकावा म्हणून रोमन लोक काय करीत, ते व्हिट्रूव्हियस नावाच्या ग्रंथकाराने स्थापत्यावरील आपल्या दहा भागांच्या ग्रंथात सांगितले आहे. पाण्यात बांधकाम करण्याची जी रीत त्याने बंदरांच्या प्रकरणात दिली आहे, तीच थोड्याबहुत फरकाने पुलांस लागू पडते. जेथे खांब उठवावयाचा तेथे फळ्यांच्या दोन भिंती एकीत एक अशा उभ्या करावयाच्या. त्यांच्यामधील पोकळीत चिकणमाती ठासून भरावयाची. मग आतील पाणी रहाटांनी उपसून तळ कोरडा करावयाचा आणि खोदीत खोदीत घट्ट थरापर्यंत जावयाचे. तेथून खांबाची चिरेबंदी वर आणावयाची.

चुन्याच्या बाबतीतही त्यांस एक दैवयोग लाभला होता. नेपल्सच्या उपसागराकाठी, ज्वालामुखीच्या प्रदेशात, एक प्रकारची माती सापडते. ती चुन्यात मिसळली असता तो चुना पाण्याखालीही दगडासारखा घट्ट होतो. जेथे ही माती मिळत नसे तेथे ते कौलांचा व विटांचा कुटलेला चुरा वापरीत. हे वाचून आपल्याकडील जुन्या गवंड्यांस हसू आले असते. कारण तीच आपली सुरखी. बैलांच्या घाणीत चुना, वाळू आणि सुरखी दिवसेंदिवस मळून घेण्याची जी चाल आपल्याकडे होती, तिच्या मुळाशी हेच रसायन आहे. भाजलेल्या मातीतील वाळूचा अंश चुन्याशी संयोग पावतो, म्हणून तो चुना ओल्यातही धरतो.

सर्वच रोमन पुलांस चुना लागे असेही नाही. स्पेन देशात ताखो नदीवर अल्कांतारा नावाचा पूल आहे. सम्राट त्राजानच्या काळी, इसवी सन १०६ च्या सुमारास, गाइयस ज्यूलियस लाकेर या स्थपतीने तो पुरा केला. त्याच्या सहा कमानींतील दगड चुन्याशिवाय, केवळ अचूक घडणीच्या बळावर, एकमेकांवर बसले आहेत. आणि मधल्या कमानी नदीच्या पात्रापासून दीडशे फुटांच्या आसपास उंच जातात. ज्या गावांनी खर्चास हातभार लाविला त्यांची नावे तेथे कोरून ठेविली होती. या पुलास नदीने कधी पाडले नाही. तेराव्या शतकातील लढाईत, अठराव्या शतकात पोर्तुगीजांस अडविण्यासाठी, १८०९ साली नेपोलियनच्या सैन्याशी झालेल्या युद्धात आणि पुन्हा स्पेनमधील यादवीत, माणसांनीच त्याच्या कमानी फोडल्या, आणि माणसांनीच त्या पुन्हा बांधिल्या.

आपल्याकडे कमान उशिरा का आली?

रोमन व्यापार आपल्या किनाऱ्यास चांगला परिचित होता. कल्याण, सोपारा व चेऊल या बंदरांचा उल्लेख त्या काळच्या ग्रीक नाविकाच्या प्रवासग्रंथात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेवतेची काशाची परदेशी मूर्ती सापडली. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे खांबांवर आहेत. माल आला, नाणी आली, माणसे आली. पूल बांधण्याची कला मात्र आली नाही.

कार्ल्याचे चैत्यगृह पाहिल्यास त्याचे छत कमानीसारखेच दिसते. परंतु ती बांधलेली कमान नव्हे, अखंड खडक कोरून काढलेला आकार आहे. तेथे एका दगडाने दुसऱ्यास भार द्यावयाचा प्रश्नच नाही. आपल्या कारागिरांची सारी बुद्धी कोरण्याकडे व रचण्याकडे होती. उत्तरेत भितरगावच्या पाचव्या शतकातील विटांच्या देवळात खरी कमान आहे. म्हणजे ज्ञान अगदी नव्हते असे नाही. पण देवळांस तिची गरज भासली नाही, आणि नद्यांवर पूल बांधण्याची गरज आपल्या ऋतुमानाने पुष्कळशी मारून टाकिली. आठ महिने नदी पायउताराने ओलांडता येते. चार महिने प्रवासच बंद. नाव, सांगड आणि साकव एवढ्यावर कोकण-मावळाने शतके काढिली. बारमाही नद्या आणि बारमाही फौजा ज्यांच्यापुढे होत्या, त्या रोमनांची गोष्ट निराळी होती.

पुढे सुलतानांच्या अमदानीत कमान दक्षिणेत रुजली. ‘कमान’ हा शब्दच फारसी असून त्याचा अर्थ धनुष्य. सतराव्या शतकाच्या मध्यास दख्खनचा गवंडी या कलेत किती पारंगत झाला होता, हे विजापूरच्या गोल घुमटावरून दिसते. राजगडचा पाली दरवाजा चढून गेलेल्या वाचकांस त्याच्या भव्य कमानी आठवत असतील. म्हणजे स्वराज्याच्या आरंभी आमच्या मावळात कमान घडविणारे हात तयार होते.

पारचा पूल

प्रतापगडाच्या पायथ्याशी पार नावाचे गाव आहे. रामवरदायिनीचे ठाणे म्हणून ते प्रसिद्ध, आणि १६५९ साली अफझलखानाची छावणी याच परिसरात पडली होती म्हणून इतिहासात अजरामर. कोकणातून वाईकडे जाणारा जुना घाटमार्ग येथूनच चढे. १६५६ साली जावळी स्वराज्यात आल्यावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उठला. याच परिसरात कोयना नदीवर दगडी कमानींचा एक पूल आहे, आणि तो शिवछत्रपतींच्या काळचा, अशी परंपरा चालत आली आहे. त्यावरून आजही रहदारी चालते.

या पुलाची थोरवी कळण्यासाठी तेथील पाऊस आठवावा. कोयनेचा उगम महाबळेश्वरी. आणि महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. टायबरने असा आषाढ कधी पाहिला नसेल. एका रात्रीत चढणारे पाणी, त्याबरोबर वाहत येणारे धोंडे आणि उन्मळून पडलेली झाडे, हे सारे खांबांवर आदळते. आमच्या काळ्या पाषाणाचे काठिण्य येथे कामी आले हे खरे. पण केवळ दगड कठीण म्हणून पूल टिकत नाही, हे मोडक्या एमिलियसवरून आपण पाहिलेच. पाया कोठवर नेला आणि पुढच्यांनी त्याची काळजी घेतली की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

सावित्रीची रात्र

महाबळेश्वरच्या ज्या डोंगरातून कोयना निघते, त्याच डोंगरातून सावित्रीही निघते. एक पूर्वेच्या अंगास राहते, दुसरी कोकणात उडी घेते. महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावर या सावित्रीवर इंग्रजी अमदानीतला, १९२८ च्या सुमाराचा, दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला. अंधार, धुवांधार पाऊस, आणि पुढे पूल नाही हे चालकांस कळावयास मार्ग नाही. एस. टी. च्या दोन गाड्या व आणखी वाहने एकामागून एक पाण्यात गेली. सुमारे चाळीस माणसे प्राणांस मुकली. कित्येकांचे देह नदीने फार दूर, खाडीच्या मुखाकडे नेऊन सोडिले.

त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती आणि तो रहदारीस योग्य ठरला होता, असे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. नवा पूल सहा महिन्यांच्या आत उभारून जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला. ही तत्परता कौतुकास्पद खरीच. तथापि एक प्रश्न राहतोच. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल वयाने म्हातारा झाला म्हणून पडला, असे म्हणावे, तर दोन हजार वर्षांचा फाब्रिकियसचा पूल उभा कसा? पाहणी झाली म्हणजे काय झाले? वरून रस्ता, कठडा व कमानीचे तोंड पाहता येते. पाचरींच्या खेळात सरकते ती वीट, आणि ती वीट येथे पाण्याखाली असते.

जोराचा प्रवाह खांबाशी अडला की तो दोन्ही अंगांनी भोवऱ्यासारखा फिरून तळाची वाळू व गोटे उकरून नेतो. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो आणि उन्हाळ्यात पाहणारास सारे ठीक दिसते. असे वर्षानुवर्षे होत होत पायाखाली पोकळी वाढत जाते. पात्रातून बेसुमार वाळू उपसली तर हे काम नदीपेक्षा माणूसच लवकर करितो. म्हणून दगडी पुलाची खरी तपासणी म्हणजे पाण्यात उतरून, पायाच्या तळाशी केलेली तपासणी होय.

गृहस्थांचे कर्तव्य

हे सर्व सरकारी खात्याचे काम, आपण काय करणार, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु जुनागडच्या खडकावर कोरलेली सुदर्शन तलावाची कथा येथे आठवण्यासारखी आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेला तो सेतु रुद्रदामन राजाच्या वेळी, इसवी सन १५० च्या सुमारास, अतिवृष्टीने फुटला. खिंडार एवढे मोठे होते की मंत्र्यांनीही दुरुस्तीस विरोध केला, आणि प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा राजाने प्रजेवर कर न बसविता स्वतःच्या भांडारातून खर्च करून, सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याकडून तो पूर्वीपेक्षाही भक्कम बांधविला. तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळी तो पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधिला गेला. तेही त्याच खडकावर लिहिले आहे. म्हणजे दुरुस्ती करणाराचे नाव दगडावर कोरण्याची बुद्धी आपल्याही पूर्वजांस होती. ती आपण मध्येच कोठे टाकून दिली, एवढाच प्रश्न.

आपल्या गावच्या जुन्या पुलाकडे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, डोळे उघडून पाहणे प्रत्येक घरातील एका तरी जाणत्या पुरुषास किंवा स्त्रीस शक्य आहे. सांध्यांतून चुना गळतो आहे काय, कमानीचा एखादा दगड खाली सरकला आहे काय, खांबाभोवती पाणी पूर्वीपेक्षा खोल झाले आहे काय, पुलाच्या आसपास वाळूचा उपसा चालतो काय, पाणी जाण्याच्या मोऱ्या तुंबल्या आहेत काय, एवढे पाहावयास स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही. जे दिसेल ते लेखी कळवावे आणि उत्तराची मागणी करावी.

आणखी एक गोष्ट विशेषेकरून आपल्या घरांस सांगावयाची. पुलाच्या सांध्यात पिंपळाचे किंवा वडाचे रोप उगवले म्हणजे ते उपटावयास आपला हात धजत नाही. श्रद्धेचा आदर राखूनही असे सांगावेसे वाटते की, दोन पानांचा पिंपळ दहा वर्षांत कमान फाडतो. रोप कोवळे आहे तोवर मुळासकट काढावे आणि नदीकाठी योग्य जागी, हवे तर विधिपूर्वक, लावावे. अश्वत्थाची सेवा त्यात अधिक आहे, आणि पुलावरून जाणाऱ्या अनोळखी जिवांचीही.

शेवटी शासनास आणि लोकप्रतिनिधींस एकच विनंती. प्रत्येक जुन्या पुलाच्या टोकास एक साधी शिळा बसवावी. तो कोणी व केव्हा बांधिला हे तीवर असेलच. त्याखाली शेवटची तपासणी कोणत्या दिवशी झाली, पाण्याखालचा पाया पाहिला की नाही, आणि तपासणाराचे नाव काय, हेही लिहावे. दोन हजार वर्षांपूर्वी टायबरकाठी हे करून झाले आहे. यास फारसा खर्च लागणार नाही. पण जो आपले नाव दगडावर पाहील, तो पाण्यात उतरल्यावाचून सही करणार नाही.